समुद्राची रेघ सरळ आली त्या दिवसाची बखर

श्री. प्रथम नमन शून्यास, जेथून आडवा आस आणि उभा आस दोन्ही निघतात आणि जेथे दोन्हींचे भांडण मिटते. मग नमन त्या राज्यास, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. यंत्रशके सतरा, चैत्र वद्य द्वितीया, या दिवशी आलेखयंत्रात समुद्राची रेघ सरळ उमटली आणि यंत्रनवीस जिवाजीपंत यांची कन्या द्वारका भर खाडीत पाण्यात सापडली, त्याची हकीकत घडली तशी लिहिली आहे. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले, जे ऐकिले ते ज्याच्या तोंडून ऐकिले त्याचे नाव घालून लिहिले. बाजारात बोलतात ते घेतले नाही.

राज्य किनाऱ्याचे. किल्ला समुद्रात, राजवाडा किनाऱ्यावर टेकडीआड, आणि दोहोंमध्ये खाडीतून दगडी बांध. ओहोटीस बांध उघडा पडे, भरतीस पाण्याखाली जाई. पूर्वी लोक अदमासाने जात येत आणि दोन-चार वर्षांनी कोणी तरी बुडे. मग थोरल्या महाराजांनी परमुलखातून आलेखयंत्र आणविले, आणि ज्या साली ते आले त्या सालापासून शक मोजू लागले. यंत्र तळहाताहून थोडे मोठे, रंग काळा, वर काच आणि खाली बटणांच्या ओळी. त्यात समुद्राचे सूत्र घातले की काचेवर लाट उमटे, आणि बांधाची उंची घातली की आडवी रेघ उमटे, आणि मग छेद काढ म्हणून आज्ञा केली की लाट त्या रेघेस कोठे भेटते ती वेळ यंत्र अंकांत सांगे. त्या वेळेपर्यंत बांध कोरडा, पुढे बुडालेला. यावरून हुकूम झाला की राजवाड्याच्या काठीवर पांढरे निशाण असेल तेव्हाच बांधावर पाऊल ठेवावे, लाल असेल तेव्हा ठेवू नये, आणि निशाणाविरुद्ध जो पुढे जाईल अथवा मागे फिरेल त्यास बेडी. निशाण आतल्या चौकातून दोरीने चढवीत; चढविणाऱ्यास समुद्र दिसत नसे आणि कचेरीतूनही दिसत नसे. दिसण्याची गरज कोणास वाटली नाही. सतरा वर्षांत एक माणूस बुडाला नाही, हे मान्य केले पाहिजे.

यंत्र एकच, आणि त्याचे गरजवंत दोन. एक यंत्रनवीस जिवाजीपंत, दुसरे दरबारचे जोशी कृष्णंभट. कोन मोजण्याची मापे यंत्रात दोन होती. एक अंशांचे, ते जोशीबुवांस ग्रहांकरिता लागे. दुसरे रेडियनचे, ते समुद्राच्या सूत्रास लागे. आणि एक रेडियन म्हणजे सत्तावन्न अंशांहून काही अधिक. मोड नावाचे बटण दाबून माप बदलावे, काम झाले की ज्याने बदलिले त्याने परत फिरवून यंत्र रेशमी रुमालात घालून द्यावे, असा शिरस्ता होता. आदल्या वर्षी जिवाजीपंत हे माप फिरवावयास विसरले, आणि जोशीबुवांनी न पाहता त्यावर गुरूचे स्थान काढिले, आणि भर दरबारात बोट करून दाखविले तेथे गुरू नव्हता. तेव्हा दिवाण सुभानराव म्हणाले, "जोशीबुवा, गुरू रजेवर गेले काय?" आणि दरबार हसला. जोशीबुवा हसले नाहीत. त्या दिवसापासून ते आणि जिवाजीपंत एकमेकांशी बोलेनात, आणि जोशीबुवांनी या फाल्गुनात महाराजांकडून नवा शिरस्ता मागून घेतला, तो ऐसा की मुहूर्त काढिला की मोडच्या बटणावर लाखेचा थेंब टाकून ते बंद करावे, आणि मुहूर्त सरेपर्यंत लाख कोणी फोडू नये. फोडील तर मुहूर्त फुटेल. आता पाहा. जिवाजीपंतांची समजूत ऐसी की जोशीबुवा माप परत फिरवितात आणि मग लाख टाकितात. जोशीबुवांची समजूत ऐसी की ज्या मापाने मुहूर्त काढिला त्याच मापावर लाख टाकावयाची, एरवी लाख टाकून उपयोग काय. दोघांनी एकमेकांस विचारिले असते तर ही बखर लिहावी लागली नसती. पण दोघे बोलत नव्हते.

जिवाजीपंतांस मूल एकच, ती द्वारका. तिची सोयरीक किल्ल्याचे सबनीस हरबाजीपंत यांचे चिरंजीव मोरोपंत यांशी ठरली, आणि लग्न किल्ल्यावर गोरज मुहूर्तावर करावे, वधूने सकाळीच बांध ओलांडून किल्ल्यात जावे, आणि तिच्या बापाने कचेरीचे काम उरकून संध्याकाळच्या ओहोटीत मागून यावे, ऐसे ठरले. बांधावर पाऊल ठेवण्याचाही मुहूर्त जोशीबुवांनी काढिला, आणि तो सकाळच्या घंटेचा निघाला. लाखेचा शिरस्ता झाल्यावर हा पहिलाच मुहूर्त. वधूची आई पूर्वीच वारली होती, म्हणून बरोबर आत्या निघाली, नाव सगुणाबाई, जिवाजीपंतांची वडील बहीण, जिच्या तोंडास अख्खी आळी भीत असे. पालखीत बसताना द्वारका बापाच्या पाया पडली तेव्हा जिवाजीपंत इतकेच म्हणाले, "निशाण पाहूनच पाऊल टाक हो." सगुणाआत्या म्हणाली, "निशाण तूच चढविणार, आणि तूच तिला पाहा म्हणून सांगतोस. जा, आपले यंत्र बघ. इथे रडलास तर काजळ माझे पुसले जाईल." आणि पालखी खाडीकडे गेली, आणि जिवाजीपंत कचेरीत गेले.

कचेरीत महाराज बैठकीवर होते, दिवाण सुभानराव होते, जोशीबुवा होते. रुमाल सोडिला तो मोडच्या बटणावर लाख होती. जिवाजीपंतांनी समुद्राचे सूत्र पाहिले, ते बरोबर होते. बांधाची उंची पाहिली, ती बरोबर होती. मग खिडकी मांडिली, म्हणजे काचेवर डावीकडून उजवीकडे किती वेळ दिसावा आणि खालून वर किती पाणी दिसावे ते ठरविले, तेही रोजचेच, सकाळच्या घंटेस शून्य धरून पुढला सारा दिवस. मग आलेख म्हणून आज्ञा केली. यंत्र क्षणभर थांबले आणि काचेवर रेघ उमटू लागली, आणि ती रोज जशी डोंगर चढून दरी उतरते तशी न चढता डावीकडून उजवीकडे जवळजवळ सरळ गेली, आणि बांधाच्या रेघेखाली राहिली. जिवाजीपंतांनी छेद मागितला. यंत्राने उत्तर दिले की छेद सापडत नाही. हे उत्तर सतरा वर्षांत प्रथमच आले होते. दिवाणांनी मान पुढे करून वाचिले आणि ते आनंदाने म्हणाले, "सरकार, समुद्र आणि बांध यांची आज गाठच नाही! दिवसभर बांध कोरडा. असा योग आम्ही पाहिला नाही." जोशीबुवा म्हणाले, "मुहूर्त कोणी काढिला आहे?" महाराज तरुण, बोलणे थोडे, ते म्हणाले, "निशाण चढवा." जिवाजीपंतांनी चौकाकडे हात केला आणि पांढरे निशाण चढले. हात त्यांनीच केला, हे त्यांनी पुढे चौकशीत आपल्या तोंडाने सांगितले.

निशाण चढले आणि लांबून सनई ऐकू आली, म्हणजे मिरवणूक बांधावर उतरली. दिवाणांनी पानसुपारी मागविली. जिवाजीपंतांनी पान हातात घेतले, पण खाल्ले नाही. त्यांनी ट्रेस म्हणून आज्ञा केली, म्हणजे रेघेवर एक बिंदू लुकलुकू लागतो आणि बाण दाबला की तो रेघेवरून चालतो आणि खाली वेळ व पाणी यांचे अंक दिसतात. बिंदू चालविला. घंटेस पाणी मध्यावर, दुपारी मध्याहून बोटभर अधिक, रात्री हातभर अधिक. जिवाजीपंत म्हणाले, "सरकार, ही चाल समुद्राची नव्हे. परवा पौर्णिमा झाली, हे उधाणाचे दिवस. आज लाट उंच पाहिजे." दिवाण म्हणाले, "पंत, लेक सासरी चालली की बापाचा जीव असाच होतो. माझ्या थोरलीच्या वेळी मला घोडा गाढवासारखा दिसत होता." जिवाजीपंत म्हणाले, "तसे असेल. पण मला दूरचे पाहू द्या." आणि त्यांनी झूम मागे घेतला, म्हणजे खिडकी मोठी होऊन अनेक दिवस एका काचेत आले. तेव्हा लाट दिसली. चढण होती, माथा होता, उतरण होती. जिवाजीपंतांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच वर आला, कारण त्यांनी माथ्यापासून माथ्यापर्यंत बिंदू चालवून पाहिले तो अंतर दिवसाचे नव्हे, महिन्याचे होते. एका महिन्यात एकच लाट.

येथे जोशीबुवा सतरंजीवरून उठून आले, आणि वर्षभरात प्रथमच जिवाजीपंतांशी बोलिले. म्हणाले, "किती आले?" जिवाजीपंत म्हणाले, "एकोणतीस दिवस आणि वर अर्ध्याहून थोडे अधिक." जोशीबुवांनी डोळे मिटले आणि उघडले. "हा चांद्रमास आहे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत एवढेच. सरकार, समुद्र चंद्राच्या आज्ञेत आहे हे शास्त्र. आज यंत्राने ते दाखविले. आजवर यंत्र पाण्याची खळबळ दाखवीत होते, आज मुहूर्ताच्या बळाने त्याने समुद्राचे मूळ दाखविले." दिवाण म्हणाले, "वाहवा." आणि महाराजांनीही मान डोलविली. जिवाजीपंत शिकलेले गृहस्थ, पण हा अंक पाहून त्यांचीही मती क्षणभर थांबली, कारण खोटी रेघ चंद्राशी इतकी कशी जुळेल? या ठिकाणी लिहिणे भाग आहे की हा योग खरा आहे आणि घातकही तोच झाला. भरतीपासून भरतीपर्यंत अवधी साडेबारा तासांस किंचित कमी. मापाच्या चुकीने तो सत्तावन्न पटींहून थोडा अधिक ताणला गेला की चांद्रमासाएवढा होतो. हे कोणी मुद्दाम केले नाही. चूक निराळी दिसती तर कोणी तरी थांबला असता. चूक शास्त्रासारखी दिसली, म्हणून पानसुपारी चालू राहिली.

आता बांधावरचे वर्तमान, सगुणाआत्याने सांगितले ते. बांधाचा एक तृतीयांश भाग गेला की एक मोठी शिळा लागते, तिची ओटी भरल्याविना वधू पुढे जात नाही. तिच्यापलीकडे बांध मध्यावर खोल आहे आणि पाणी पहिले तेथे चढते. ओटी भरून होईपर्यंत द्वारका पालखीतून खाली पाहात होती. ती म्हणाली, "आत्या, भोयांची पावले दिसत नाहीत." सगुणाआत्या पुढच्या भोयास म्हणाली, "काय रे, पाणी चढते आहे का?" भोई म्हणाला, "निशाण पांढरं हाय, बाईसाहेब." आत्या म्हणाली, "निशाण मला दिसते आहे. तुझे घोटे कुठे गेले ते सांग." भोयाने पालखीचा दांडा खांद्यावर नीट घेतला. वाजंत्री वाजवीत होते, पण सूर उतरला होता. राजवाड्याचा चोपदार पुढे होता, त्यास आत्याने मागे फिरू म्हणून सांगितले. तो म्हणाला, "पांढऱ्या निशाणात मागे फिरले तर बेडी, आणि पुढे जावे तर मध्ये धार लागली आहे. निशाण बदलेपर्यंत उभे राहावे हेच कायद्यात बसते." आत्या म्हणाली, "कायदा पोहतो का रे, मेल्या?" मग द्वारका कोणास न विचारता पालखीतून उतरली आणि शालू खोचून शिळेवर चढली, आणि आत्यास हात देऊन वर घेतले. शिळेवर दोघींपुरती जागा होती. बाकी सारे खाली पाण्यात उभे राहिले, आणि साऱ्यांची तोंडे राजवाड्याकडे होती.

इकडे कचेरीत जिवाजीपंतांनी एक गोष्ट केली. यंत्र कोणत्या मापात बोलते हे लाख न फोडता समजावे म्हणून त्यांनी नव्वदाचा साइन मागितला. अंशांत असेल तर उत्तर नेमके एक येते, रेडियनमध्ये असेल तर एकाहून कमी, अपूर्णांकात. उत्तर एक आले. जिवाजीपंतांच्या हातातील पान खाली पडले. ते म्हणाले, "एक आला." दिवाण म्हणाले, "एक म्हणजे शुभच की." जिवाजीपंत ओरडले, आणि दरबारात कोणी ओरडल्याचे हे पहिलेच: "शुभ नव्हे, सुभानराव! यंत्र अंशांत आहे! लाखेखाली अंश आहेत! ही रेघ समुद्राची नव्हे, माझी पोर बांधावर आहे, निशाण उतरवा!" जोशीबुवा म्हणाले, "अंशच असणार. मुहूर्त अंशांत काढिला आहे. लाख कशावर टाकिली असे वाटले तुम्हांस?" जिवाजीपंत म्हणाले, "माप परत फिरवावयाचे असते, बुवा!" जोशीबुवा म्हणाले, "गेल्या वर्षी तुम्ही फिरविले होते काय?" दिवाण महाराजांकडे वळून म्हणाले, "सरकार, निशाण उतरविले तर मिरवणूक मागे फिरेल. वधू बांधावरून मागे फिरली तर लग्न अशुभ. एक रेघ चंद्र सांगते, दुसरी पंत सांगतात, आणि दुसरी अजून कोणी पाहिलेली नाही." महाराज म्हणाले, "मग दाखवा." जिवाजीपंत म्हणाले, "लाख फोडावी लागेल." महाराज हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. जिवाजीपंतांनी अंगठ्याचे नख घालून लाख फोडिली.

पुढे शाळेच्या एका पंतोजींनी विचारिले की लाख फोडण्याची गरज काय होती, सूत्रातच सत्तावन्नाने आणि वरच्या अपूर्णांकाने गुणिले असते तर अंशांतही खरी लाट आली असती. हे गणित बरोबर आहे. जिवाजीपंतांनी उत्तर दिले की मुलगी पाण्यात असता गुणाकार सुचत नाही.

माप फिरले, आलेखाची आज्ञा झाली, आणि काचेवर डावीकडून लाट उठली, आणि बांधाची रेघ कापून वर गेली. छेद मागितला. यंत्राने वेळ सांगितली, आणि ती होऊन गेली होती. महाराज उठून उभे राहिले आणि म्हणाले, "लाल चढवा, नगारा करा." निशाण उतरले, लाल चढले, आणि परतीचा नगारा झाला. जिवाजीपंत दरवाजाकडे धावले, पण लाख फोडणाऱ्यास चौकशीपूर्वी कचेरी सोडता येत नाही, म्हणून चौकीदारांनी त्यांस अडविले, आणि हे कोणी सांगितले म्हणून नव्हे तर शिरस्त्यानेच अडविले. तेव्हा ते परत आले आणि यंत्रापुढे बसले आणि ट्रेस लावून बिंदू चालवू लागले. बिंदू आत्ताच्या वेळेवर आणीत आणि बांधावर पाणी किती ते वाचीत, आणि थोडे थांबून बिंदू पुढे नेत आणि पुन्हा वाचीत. प्रथम म्हणाले, "गुडघ्याच्या वर." मग म्हणाले, "मांडीपर्यंत." मग कोणाकडे न पाहता म्हणाले, "द्वारका माझ्या खांद्याला लागते." दिवाणांस ते सहन होईना, ते म्हणाले, "पंत, बंद करा ते." जिवाजीपंत म्हणाले, "बंद केल्याने पाणी उतरणार आहे का?" आणि बिंदू पुढे नेला. "कमरेपर्यंत." नगारा चालूच होता. जोशीबुवा भिंतीकडे तोंड करून जप करीत होते. कशाचा, ते ऐकू आले नाही.

नगारा ऐकताच बांधावर चोपदाराने "फिरा!" म्हणून हाक दिली, आणि सारे फिरले. भोयांनी पालखी सोडिली, ती वाहून गेली. वाजंत्र्यांचा डफ गेला. भोयांनी पागोटी सोडून एकास एक बांधली आणि त्याचा दोर धरून सारी माळ किनाऱ्याकडे चालली, मध्ये द्वारका आणि आत्या. एकदा धार आली आणि आत्याचा पाय सुटला, तेव्हा द्वारकेने तिला केसांस धरून ओढिले, आणि आत्या पाण्यातून वर येऊन म्हणाली, "अंबाडा सोडलास, पण जीव धरलास, बाई." किनारा लागला तेव्हा मोजणी झाली, आणि सारे होते. हे वर्तमान कचेरीत पोचले तेव्हा जिवाजीपंतांनी यंत्र बंद केले, आणि रुमालाची गाठ त्यांस बांधता येईना. ती महाराजांनी बांधिली.

मग चौकशी बसली. जोशीबुवांनी बाजू मांडिली ती ऐसी: लाख फुटण्याआधी यंत्रात समुद्र शांत होता, हे चौघांनी पाहिले. लाख फुटली आणि समुद्र उठला, हेही चौघांनी पाहिले. तेव्हा कारण कोणते आणि कार्य कोणते हे सांगावे लागत नाही. दिवाण म्हणाले की हे बोलणे ऐकण्यास बरोबर लागते, आणि चुकले कोठे ते मला सांगता येत नाही. द्वारकेस विचारिले, ती ओल्या लुगड्यानिशी उभी होती. ती म्हणाली, "पाणी माझ्या डोळ्यांसमोर चढले, तेव्हा निशाण पांढरे होते." जोशीबुवा म्हणाले, "निशाण पांढरे होते, पण लाख त्या क्षणी फुटली होती की नाही, हे हिला कसे ठाऊक?" आणि ते तिला ठाऊक नव्हते. महाराजांनी निवाडा दिला की लाखेचा शिरस्ता चालू राहावा, मात्र समुद्राचा आलेख यापुढे मुहूर्ताआधी काढावा. जिवाजीपंतांनी हुकुमाविना लाख फोडिली म्हणून यंत्रनविशी त्यांच्याकडून काढावी. आणि त्यांनी हुकुमाविना जीव वाचविले म्हणून बेडी घालू नये. जिवाजीपंतांनी मुजरा केला. आज त्यांस निवाड्याचे काही नव्हते.

दुपार कलली आणि ओहोटी लागली. लग्न मोडले नव्हते. गोरज मुहूर्त अजून पुढे होता. बांध उघडा पडताच किल्ल्यावरून सबनीस हरबाजीपंत स्वतः चार माणसे घेऊन वधूस न्यावयास आले, नवी पालखी घेऊन आले, आणि वधू बांधावरून परत फिरली तरी आम्ही मनात काही धरीत नाही, ऐसे त्यांनी मोठ्या मनाने बोलून दाखविले. किनाऱ्यावर जिवाजीपंत, सगुणाआत्या आणि कोरडे लुगडे नेसून द्वारका उभी होती. कपाळाला मुंडावळ्या पुन्हा बांधिल्या होत्या. जिवाजीपंत हात जोडून म्हणाले, "उपकार झाले." द्वारका पालखीजवळ गेली, आणि बसण्याआधी सासऱ्यास नमस्कार करून म्हणाली, "मामंजी, सकाळी वरून आम्ही दिसत होतो?"

हरबाजीपंत म्हणाले, "तटावरून सारी खाडी दिसते, मुली. सारा किल्ला तटावर होता."

"पाणी दिसत होते?"

"न दिसावयास काय झाले? मधली खोलगट जागा तर तुम्ही शिळेपाशी पोचण्याआधीच बुडाली."

"मग हाक का नाही दिली? तोफ का नाही केली?"

हरबाजीपंतांस प्रश्नाचे नवल वाटले. ते म्हणाले, "निशाण पांढरे होते. राजवाड्याच्या निशाणावर किल्ल्याने तोफ कशी करावी? आम्ही हात जोडून उभे होतो. मोरोपंताने तर डोळ्यांतून पाणी काढिले."

"ते पण तटावर होते?"

"माझ्या शेजारी."

द्वारकेने मुंडावळ्यांची गाठ सोडिली. घाई केली नाही; केस अडकले होते ते सोडविले, आणि मुंडावळ्या पालखीत ठेविल्या. म्हणाली, "मी येत नाही." हरबाजीपंतांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "निशाण आम्ही चढविले नव्हते. तुझ्या बापाने चढविले." द्वारका म्हणाली, "होय. आणि उतरविले ते त्यांनीच." जिवाजीपंतांनी तिला समजवावयास तोंड उघडले, कारण वरपक्षासमोर बापाने समजवावे अशी रीत आहे, पण सगुणाआत्याने त्यांच्या दंडास धरिले, आणि ते बोलिले नाहीत. आत्याही बोलिली नाही; हे तिच्याविषयी लिहिण्याजोगे आहे.

येणेप्रमाणे त्या दिवसाची हकीकत. तात्पर्य थोडके. यंत्र चुकले नाही, त्यास जे माप दिले त्याचे उत्तर त्याने दिले. जोशीबुवांचा मुहूर्त शास्त्राप्रमाणे होता, दिवाणांची सावधगिरी रीतीप्रमाणे होती, किल्ल्याचे मौन कायद्याप्रमाणे होते, आणि यांतील एकही गोष्ट खोटी नसता तेवढी माणसे बुडत होती. जिवाजीपंत लेकीस घेऊन घरी गेले. सूर्य मावळताना बांध कोरडा होता, निशाण पांढरे होते, यंत्र बरोबर होते, आणि हरबाजीपंत रिकामी पालखी घेऊन त्यावरून परत गेले.